काकूंचं हत्तीगवत

गवताला तुरा आला म्हणजे कापणाऱ्याची अब्रू गेली, असं काकूंचं साधं म्हणणं होतं. गोठ्यामागच्या पट्ट्यात बावीस वर्षं त्यांनी हत्तीगवत वाढवलं. पुरुषभर उंचीचं, जांभळट दांड्याचं, आणि पात अशी की बोट नुसतं फिरवलं तरी रक्ताची रेघ उठावी. दर पन्नास दिवसांनी कापणी. बुडाशी चार बोटं राखायची, शेणखत टाकायचं, पाणी सोडायचं, की ठोंब पुन्हा तरारून फुटायचे. त्यावर चार गायी जगत, आणि गायींवर काकू आणि काका. काका दूध काढायचे, घरोघर घालायचे आणि दिवसभरात चार वाक्यं बोलायचे. बोलण्याचं बाकीचं काम काकूंनी अंगावर घेतलं होतं. गल्लीनं त्यांना ‘विळाकाकू’ म्हणायला सुरुवात केली ती हातातल्या विळ्यावरून की जिभेवरून, हे विचारायची कुणाची छाती झाली नव्हती.

एकदा काकू तापानं महिनाभर आडव्या झाल्या. काकांनी जमेल तेवढं कापलं, पण नाल्याकडचा कोपरा राहून गेला. काकू उठून मागच्या दारात आल्या, तर कोपऱ्यात हातभर लांबीचे पिवळट तुरे वाऱ्यावर डोलत होते. काकूंनी कपाळावर हात मारला. त्यात भर म्हणून एक जाड चष्मेवाला माणूस गुडघ्यावर बसून त्या तुऱ्यांचा फोटो काढत होता.

“हे तुम्ही लावलंय?” त्यानं विचारलं.

“नाही, आभाळातून पडलंय.”

“काय सुंदर तुरे आहेत हो!”

काकूंना आधी वाटलं, टोमणा मारतोय. मग लक्षात आलं की माणूस मनापासून बोलतोय, आणि त्यांना त्याची कीव आली. रस्त्यापलीकडे काचेची नवी कचेरी झाली होती, तिच्या बागेचं काम याच्याकडे होतं. त्याला हेच गवत फाटकापासून इमारतीपर्यंत दुतर्फा लावायचं होतं. वर, त्याची देखभाल काकूंनी करावी, सकाळचे तीन तास, पगारी.

“शोभेसाठी?” काकूंनी विचारलं.

“शोभेसाठीच.”

“आणि खाणार कोण?”

“कुणीच नाही!” तो आनंदानं म्हणाला.

घरी येऊन काकूंनी काकांना सांगितलं, “अहो, समोर शिकलेली माणसं वैरण लावणार आहेत आणि तिच्याकडे बघत बसणार आहेत. एवढ्या शाळा शिकून शेवटी नुसतं बघायचं. गाय तरी बरी, ती बघून झाल्यावर खाते.”

काका म्हणाले, “पगार देतायत ना?”

काकूंनी काम धरलं आणि तुरे आलेल्या कोपऱ्यातल्याच दांड्यांच्या कांड्या लावायला दिल्या. लावणीच्या दिवशीच त्यांनी चष्मेवाल्याला बजावलं की वेळच्या वेळी कापलं नाही तर हे गवत लाकूड होतं, उंच जातं आणि आडवं पडतं. त्यानं ते वहीत लिहून घेतलं आणि वही मिटली. कापायचं नाही, असा हुकूम झाला. बाग नैसर्गिक दिसायला हवी होती. मग ती नैसर्गिक दिसावी म्हणून काकूंनी रोज वाळलेली पात एकेक करून खुडायची, खाली पडलेलं उचलायचं, आणि जो ठोंब झुकेल त्याला हिरव्या सुतळीनं असं बांधायचं की सुतळी दिसता कामा नये. “माझ्या लग्नात माझ्या केसांना एवढे हात लागले नव्हते,” काकू फाटकावरच्या पहारेकऱ्याला म्हणायच्या. कचेरीतली माणसं येता-जाता तुऱ्यांवरून हात फिरवायची. पातीनं बोट कापलं की “आई गं!” करून बोट तोंडात धरायची, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा हात फिरवायची. काकूंच्या मते शिकलेल्या माणसांची सगळी अक्कल यात आली.

याच सुमारास घरी पाणी खात्याचा कागद आला. गोठ्यामागचा पट्टा खात्याच्या मालकीचा होता, तिथून मोठा नळ जाणार होता. काकांनी तो दोनदा वाचला आणि म्हणाले, “थोडे ठोंब हलवून ठेवू या का?”

“असले कागद माझ्या लग्नापासून येतायत,” काकू म्हणाल्या. “हलवायचं असेल तर तुमचं अंग हलवा.”

काकांनी कागद घडी करून फळीवर ठेवला. काकूंनी त्याच आठवड्यात सगळा पट्टा कापून घेतला आणि पाणी सोडलं. पंधरा दिवसांनी कोवळे फुटवे गुडघ्याला लागले.

अशाच एका सकाळी काकू कचेरीत सुतळी बांधत होत्या. कुणी मोठे साहेब यायचे होते, म्हणून वाकलेला एकूण एक ठोंब उभा करायचा होता. पलीकडून यंत्राची घरघर येत होती, पण घरघर कशाचीही असते. पहारेकऱ्यानं दोनदा हाक मारली. काकू म्हणाल्या, “थांब, हा शहाणा आधी सरळ उभा करू दे.” दुपारी घरी गेल्या तेव्हा गोठ्यामागे पुरुषभर खोल चर होता आणि पट्ट्याच्या जागी दगडमातीचा ढीग. काका ढिगाशी फावडं घेऊन उभे होते. त्यांनी खणून चार ठोंब काढले होते, चारही चिरडलेले. काकूंनी ते हातात घेऊन दाबून पाहिले आणि खाली टाकले. काका काही बोलले असते तर भांडता तरी आलं असतं. ते पुन्हा खणायला लागले.

मग विकतच्या वाळक्या वैरणीचे दिवस आले. गायी गव्हाणीत तोंड घालून बाहेर काढायच्या आणि काकूंकडे बघायच्या. दूध आटलं. काका धार काढताना बादलीत नळ सोडल्यासारखा आवाज व्हायचा, तो पातळ झाला, आणि तसा पातळच काकूंना स्वयंपाकघरात ऐकू यायचा. काकांच्या बहिणीनं आपल्या विहिरीजवळचा तुकडा देऊ केला. जमीन मिळाली, पण लावायचं काय? हे गवत दांड्याची कांडी खोचून लावतात, आणि कांडी लागते ती तीन-चार महिन्यांच्या जून दांड्याची. गावभर ज्यांच्याकडे गवत होतं ते सगळे काकूंसारखेच शहाणे, वेळेवर कापणारे. जून दांडा कुणाकडेच नव्हता.

तो कुठे होता हे काकूंना पहिल्या दिवसापासून माहीत होतं. आठ दिवस त्या कचेरीत जाऊन त्यालाच सुतळी बांधून येत होत्या, मागत मात्र नव्हत्या.

नवव्या दिवशी काकांनी धुतलेला सदरा घातला.

“कुठे निघालात?”

“कचेरीत. कांड्या मागायला. तू काही मागणार नाहीस.”

“माझंच गवत मी मागू?”

“आता ते त्यांचं आहे,” काका म्हणाले.

काकूंनी त्यांना सदरा काढायला लावला आणि विळा घेऊन स्वतः गेल्या. चष्मेवाला नेहमीप्रमाणे तुऱ्यासमोर गुडघ्यावर होता.

“साहेब, मला हे कापायचंय.”

“आत्ता? ऐन भरात आलंय!”

“तुरे तुम्ही ठेवा, डोक्यात खोचा. मला खालचा दांडा हवाय. माझं सगळं गेलं. माझ्या गवतातलं जगात आता एवढंच उरलंय, आणि तुम्हाला अक्कल नाही म्हणून उरलंय.”

एवढं बोलताना काकूंचा आवाज चिरकला, आणि त्याचाही त्यांना राग आला.

चष्मेवाला उठला. त्यानं गुडघे झटकले. “तुम्ही मला पहिल्यापासून मूर्ख समजता ना?”

“हो.”

“मग कापायला हवं हे पुन्हा का नाही सांगितलंत? सात महिने सुतळ्या बांधत बसलात.”

काकू विळ्याच्या मुठीवरची माती खरवडू लागल्या. खरं उत्तर असं होतं की गवत धाडकन पडेल आणि याची फजिती होईल, याची त्या रोज मनातून वाट बघत होत्या.

“मागचा निम्मा भाग कापा,” तो म्हणाला. “पुढचा पुढच्या वेळी. आणि मला शिकवा.” त्यानं विळा मागितला, पहिल्याच मुठीला बोट कापून घेतलं आणि बोट तोंडात धरलं. काकूंनी विळा परत घेतला.

विहिरीजवळ दोघांनी लावणी केली. कोंब फुटायचे दोन डोळे असलेली कांडी, तिरकी, एक डोळा मातीत आणि एक वर. काका सरी ओढायचे, काकू कांडी खोचायच्या आणि सरी वाकडी आहे म्हणून ओरडायच्या. दहाव्या दिवशी कोंब दिसले. तिसऱ्या महिन्यात पहिली कापणी झाली. गायींनी काही कौतुक केलं नाही. नुसतं खाल्लं.

कचेरीचं काम काकूंनी सोडलं नाही. तिथं आता निम्मं गवत उभं असतं आणि निम्मं बुडखे दाखवत असतं. ते बघून साहेबलोक कुरकुर करतात, आणि चष्मेवाला त्यांना फुटव्यांवर इतकं लांबलचक बोलतो की ते निघून जातात. त्यातलं निम्मं चुकीचं असतं, असं काकू पहारेकऱ्याला सांगतात. चष्मेवाल्यालाही सांगतात, तोंडावर, आणि तो वहीत लिहून घेतो.

परवा पहारेकऱ्यानंही शेळ्यांसाठी दहा कांड्या मागितल्या. काकूंनी त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

“आधी जागा दाखव,” त्या म्हणाल्या. “तू पाणी कसं देतोस ते बघते, मग ठरवू.”