रोजची वाटी

मी जन्माची भित्री. पाल दिसली तरी घर डोक्यावर घ्यायची. पण खरी भीती काय असते ते मला सतराव्या वर्षी कळलं, आणि तेही मिसळणाच्या डब्याकडे बघून.

बाबा बऱ्हाणपूरच्या म्युनिसिपालटीच्या शाळेत मास्तर होते. आई जाऊन दोन वर्षं झाली होती आणि घरात आम्ही दोघंच. माझं लग्न लांबलं म्हणून शेजारणी नाकं मुरडायच्या, मी त्यांच्याकडे पाठ करून भाकऱ्या थापायची.

बाबांना बुद्धिबळाचं वेड. लहानपणापासून ते देशी पद्धतीने खेळलेले: प्यादं एकेकच घर चालणार, आणि राजाला डावात एकदा घोड्यासारखी अडीच घरं उडी मारता येणार. मग खंडव्याच्या एका वकिलांनी त्यांना विलायती नियमांनी खेळायला बसवलं आणि पंधरा चालींत गुंडाळलं. बाबांना ते फार लागलं. त्यांनी वकिलांकडूनच पुस्तक मागून आणलं, डावांच्या सुरुवाती जुन्या उत्तरपत्रिकांच्या पाठीवर चिठ्ठ्या करून उतरवल्या आणि पाठ करायला घेतल्या.

पाठ करण्याची त्यांची रीत पाढ्यांवरून आलेली. एकोणतीसचा पाढा आज आला म्हणजे आला असं नाही, ते म्हणायचे, पोरगं विसरायच्या बेतात असताना विचारला पाहिजे. त्यांनी माझा मिसळणाचा डबाच पळवला. त्यातल्या पाच वाट्या घेतल्या: रोजची, तिसऱ्या दिवसाची, आठवड्याची, पंधरवड्याची, महिन्याची. उत्तर बरोबर आलं की चिठ्ठी पुढच्या वाटीत, चुकलं की थेट रोजच्या वाटीत. विचारणारी मी: चिठ्ठीवरच्या चाली मी वाचायच्या, पुढची चाल त्यांनी सांगायची. चिठ्ठ्यांना हळदीचा रंग चढला, माझं हळद-तिखट कागदाच्या पुड्यांत गेलं, पण दिवाळीपर्यंत महिन्याची वाटी शिगोशीग भरली.

संक्रांतीनंतर ती रिकामी व्हायला लागली.

आधी वाटलं, गोरा इन्स्पेक्टर शाळा तपासायला येणार आहे, त्याच्या धास्तीने होत असेल. तो येऊन गेला तरी चिठ्ठ्या मागेच येत राहिल्या. जे बाबांच्या डोक्यात महिनाभर टिकायचं ते आठ दिवसांत निसटायला लागलं, मग तीन दिवसांत. दुसऱ्या कुणाला हे दिसलं नसतं, कारण शाळेत ते वीस वर्षं तेच शिकवत होते. मला मात्र रोज सकाळी वाट्यांत दिसायचं.

एकदा ते शाळेतून घरी आलेच नाहीत. दिवेलागणीला एक गाडीवाला त्यांना कापसाच्या गाडीवर बसवून घेऊन आला. "मास्तर बहादरपूरच्या रस्त्याने पायी चालले होते, बाई. म्हटलं, किधर? तर म्हणे, घरी." बाबा हसून म्हणाले, विचारात होतो. मीही हसले. चुलीपाशी गेल्यावर मात्र तीन काड्या मोडल्या तरी चूल पेटेना.

त्या दिवसापासून मी खोटं बोलायला लागले. उत्तर चुकलं तरी "बरोबर" म्हणायचं आणि चिठ्ठी पुढे ढकलायची. महिन्याची वाटी पुन्हा भरली आणि बाबा खूश झाले. मला वाटायचं, त्यांना कळलं तर ते खचतील. खरं तर मीच खचले असते. एका चिठ्ठीचं उत्तर होतं किल्लेकोट, म्हणजे राजा दोन घरं सरकवायचा आणि हत्ती त्याच्या पलीकडे आणून ठेवायचा. बाबा म्हणाले, "राजा अडीच घरं." विलायती खेळात अशी चालच नाही. मी म्हणाले, "बरोबर."

शिमग्याच्या आधीच्या रविवारी दुपारी वकील आमच्या घरी पुन्हा डाव खेळायला आले. शाळेतले दोन मास्तरही बघायला बसले. सरबताचे पेले देऊन मी दाराआड उभी राहिले. बाबांनी पहिल्या चाली झटपट केल्या, घोडे बाहेर आले, उंट बाहेर आले. मी पट पाहिला आणि माझं धाबं दणाणलं. तीच चिठ्ठी पटावर मांडलेली होती. किल्लेकोट, बाबा, किल्लेकोट, मी मनातल्या मनात ओरडत होते. बाबांनी राजा उचलला, प्याद्यांवरून उडवला आणि अडीच घरांवर, प्याद्यांच्या पुढे उघड्यावर आणून ठेवला. मग मोठ्या ऐटीत वकिलांकडे पाहिलं.

वकिलांना ती गंमत वाटली. "अरे वा मास्तरसाहेब, पुरानी आदत! आता राजा असा उडत नाही ना."

"उडतो," बाबा म्हणाले. "रोज पाठ केलंय मी. विचारा माझ्या पोरीला."

सगळ्यांनी दाराकडे पाहिलं. मी दाराआड आणखी मागे सरले. वकिलांचं हसू ओसरलं. भला माणूस, डोकं दुखतंय म्हणाले आणि डाव तिथेच आवरता घेतला.

सगळे गेल्यावर बाबांनी मला समोर बसवलं.

"चिठ्ठीवर काय होतं?"

"किल्लेकोट."

"मी काय सांगत होतो?"

"राजा अडीच घरं."

"आणि तू?"

मी रडायला लागले. ते रागावतील, हात उगारतील, अशी मला आशा होती. पण त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. बाबांना घाबरलेलं मी त्यापूर्वी कधी पाहिलं नव्हतं.

"आणखी काय खोटं सांगितलंस, बेटा?"

मला सांगायचं नव्हतं. "तुम्ही मधूनच विचारता, आई कुठे आहे म्हणून. मी सांगते, इच्छापूरला देवीला गेलीय, येईल."

"किती वेळा विचारलं?"

"चारदा."

त्यांनी डबा पुढे ओढला. मग एक कोरा कागद फाडून त्यांनी माझ्यापुढे सरकवला आणि टाक हातात दिला.

"लिही. तुझी आई वारली."

मी नको म्हणाले, त्यांच्या पाया पडले.

"लिही. रोजच्या वाटीत टाक आणि रोज विचार. चुकलो तर चुकलो म्हण."

मी लिहिलं. अक्षरं वाकडी आली. बाबांनी चिठ्ठी उजेडात धरून पाहिली आणि, मास्तरच ते, फाडून पुन्हा नीट लिहायला लावली.