खंडेनवमीला गप्प बसलेला सर्व्हर

नव्या गाडीच्या चाकाखाली लिंबू ठेवणाऱ्यांची टिंगल करण्यात माझं कॉलेज गेलं. आजही मी असलं काही मानत नाही. तरीही हे लिहितोय, कारण घरात तेच ऐकून ऐकून बायको कंटाळली आहे...

२००५ साल, नॉर्थ कॅरोलिनातलं कॅरी. मी नागपूरचा, एका इन्शुरन्स कंपनीत कॉन्ट्रॅक्टवर. माझ्याकडे बिल्ड सर्व्हर होता — म्हणजे सगळ्यांनी लिहिलेला कोड गोळा करून आपोआप जोडणारं मशीन. त्यासाठी लागणारे काही तुकडे ते कंपनीच्या फायरवॉलमधून, म्हणजे नेटवर्कच्या चौकीतून, बाहेरून आणायचं. खंडेनवमीच्या दिवशी संध्याकाळपर्यंत सॉफ्टवेअरचं नवं रिलीज दिलं तरच माझं कॉन्ट्रॅक्ट वाढणार होतं. कॉन्ट्रॅक्ट नाही तर व्हिसा नाही, आणि बायकोला सातवा महिना लागलेला.

सकाळी देशपांडे काका हळद-कुंकू घेऊन सर्व्हर रूममध्ये आले. काका सत्तरच्या दशकात इथे आलेले, कंपनीत सगळ्यात सीनियर. दर खंडेनवमीला ते ऑफिसातल्या एखाद्या मशीनची पूजा करायचे. त्या वर्षी माझ्या सर्व्हरचा नंबर लागला.

"काका, फायरवॉललाही लावा दोन बोटं," मी म्हटलं.

"हस लेका," म्हणत त्यांनी झेंडूचं फूल ठेवलं आणि मीटिंगसाठी शार्लटला ड्राइव्ह करत निघून गेले.

मी बिल्ड सुरू केलं. फेल. बाहेरून उत्तरच येत नव्हतं. फायरवॉल सांभाळणाऱ्या ग्रेगला फोन केला. तो म्हणाला, "मी काही ब्लॉक केलेलं नाही. तुझ्या मशीनकडून माझ्यापर्यंत काही पोचतच नाहीये."

मशीन म्हणतं पाठवलं, ग्रेग म्हणतो आलं नाही. मग मधे गेलं कुठे? केबल बदलली, स्विच बदलला. तीच केबल, तोच अ‍ॅड्रेस माझ्या लॅपटॉपला दिला — झटक्यात चाललं. परत सर्व्हरला लावली — ठप्प. मशीनमधलं सगळं पुसून आदल्या दिवशीचा बॅकअप चढवला, तरी तेच. ग्रेग स्वतः खाली येऊन डोकं खाजवत उभा राहिला. त्या थंडगार खोलीत मला घाम फुटला होता.

शेवटी काकांना फोन केला, खरं तर राग काढायला.

"अरे, आज कामाला लावलास त्याला?" काका म्हणाले. "पूजेला मांडलेलं हत्यार त्या दिवशी उचलत नाहीत. तुमच्याकडे पाळत नाहीत का?"

"काका, सर्व्हर आहे तो, कुऱ्हाड नाही. इथे माझा व्हिसा जातोय."

फोन ठेवून मी टिश्यूने कुंकू पुसलं, फूल कचऱ्यात टाकलं. काही फरक नाही! म्हणजे पूजेचाही संबंध नाही, असं मी स्वतःला बजावलं.

उन्हं कलताना काका मीटिंग अर्धवट सोडून आले. दमलेल्या बैलाशी बोलावं तसं सर्व्हरवर हात ठेवून म्हणाले, "पोराची अडचण आहे रे. एवढं कर, मग झोप." ग्रेग बघत होता, मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"आता लाव," काका म्हणाले.

बिल्ड पास झालं.

ग्रेग जागेवर गेला आणि तिथून त्याचा फोन आला. "सकाळपासूनच्या तुझ्या सगळ्या रिक्वेस्ट आत्ता एकदम आल्या. बॅकअप चढवायच्या आधीच्यासुद्धा. त्या अशा कुठे थांबून राहूच शकत नाहीत." त्याचा आवाज उतरला होता.

रिलीज गेलं, कॉन्ट्रॅक्ट वाढलं, मुलगी इथेच झाली. योगायोग म्हणून मी विषय मिटवून टाकला.

पुढच्या वर्षी काका रिटायर होऊन मुलाकडे दूर चँडलर गावी राहायला गेले होते. पूजा कोणी केली नाही, आणि ऑफिसच्या धबडग्यात सण मला आठवतही नव्हता. एका सकाळी ग्रेगचा फोन आला, "तुझं मशीन पुन्हा गप्प झालंय."

केबलला हात लावण्याआधी मी घरी फोन केला. बायकोला म्हटलं, "कॅलेंडर बघ, आज काय आहे?"

"खंडेनवमी. का रे?"

त्या दिवशी मी सर्व्हर रूममध्ये गेलोच नाही. मॅनेजरला सांगितलं, बिल्ड उद्या मिळेल. त्याने कारण विचारलं. कॉन्ट्रॅक्टवरच्या माणसाने कधी देऊ नये ते उत्तर मी दिलं — माहीत नाही. दुसऱ्या दिवशी मशीन आपणहून सुरू झालं, आणि माझं उत्तर अजूनही तेच आहे.