पाच मिनिटांचा देश

काका काहीही पाच मिनिटांत सांगत. लग्न कसं जमलं, अमेरिकेत वेस्ट विंडसरला घर का घेतलं, पित्ताशयाचं ऑपरेशन कसं झालं, सगळं पाच मिनिटांत. शेवटचं वाक्य संपता संपता ओव्हनवरचा पांढरा टायमर टर्र करायचा. इथल्या मराठी मंडळात त्यांना सगळे 'पाच मिनिटे काका' म्हणत. बाकीचे काका ग्रीन कार्डाची कथा सांगायला लागले की तासाभरात व्हिसाच्या रांगेपर्यंतही पोचत नाहीत, हे तुम्हाला माहीतच आहे.

ही सवय त्यांना एका देशाने लावली होती. आफ्रिकेतला, समुद्रकिनारा नसलेला, नकाशावर नाव मावत नाही म्हणून शेजाऱ्याच्या अंगावर छापावं लागतं असा चिमुकला देश. काका तरुणपणी नागपूरहून तिथल्या अर्थखात्यात सल्लागार म्हणून गेले. दहा वर्षं राहिले. अमेरिकेत आल्यावरही तिथल्या अर्थमंत्र्यांचं एक भाषण दर वर्षी काकाच लिहून देत. वॉशिंग्टनला शरद ऋतूत कर्ज देणाऱ्यांची आणि घेणाऱ्यांची मोठी जागतिक परिषद भरते, तिथलं भाषण. श्रीमंत देश पहिल्या दिवशी भरल्या सभागृहात बोलतात. या देशाचा नंबर तिसऱ्या दिवशी, जेवणानंतर, दुभाषेसुद्धा पेंगत असताना. पाच मिनिटं. मग समोर लाल दिवा.

तर ते भाषण काका स्वयंपाकघरात उभे राहून म्हणायचे. काकू पोळ्या लाटायच्या, आणि त्यांची हायस्कूलमधली मुलगी सोनल टायमर धरून बसायची. "बाबा, टाइम्स अप! यू आर स्टिल ऑन कॉटन!" कापसाचा भाव पडला की त्या देशाचं सगळंच पडायचं, त्यामुळे कापसावर काका रेंगाळत.

मी स्टेट कॉलेजला शिकत होते. काकू माझ्या आईच्या मैत्रीण, म्हणून सुट्टीत बसने त्यांच्याकडे यायचे. ही ऐंशीच्या दशकाच्या मध्यातली गोष्ट. शिकत होते म्हणजे खरं तर पत्रकं काढत होते. कर्जाच्या अटींविरुद्ध आमचा विद्यार्थ्यांचा एक गट होता आणि मजकूर मी लिहायचे. रक्तपिपासू, निर्दय, नराधम, असलं सगळं. मोठ्या उत्साहाने मी पहिलं पत्रक काकांना दाखवलं. त्यांनी पेन्सिल घेतली.

"पुढारीणबाई, ही विशेषणं काढा. एकेका विशेषणाला दोन सेकंद लागतात आणि त्याने पीठ येत नाही."

"काका, राग नको का दिसायला?"

"राग तुम्हाला आलाय ना? मग झालं. वाचणाऱ्याला काय कळलं ते बोला."

काकूंनी त्याच पत्रकावर चकल्या काढल्या. "कागद छान आहे हो तुझा, तेल पटकन ओढतो," म्हणाल्या. सोनल खिदळली. मी हसले नाही.

हसू येणार कुठून? मला काकांचा हेवा वाटत होता. स्पष्टच लिहिते. आम्ही परिषदेच्या कडेकोट बंदोबस्ताबाहेर घसा फोडायचो आणि आमच्याकडे पोलिसांचे घोडेसुद्धा बघायचे नाहीत. हा माणूस पायजम्यात उभा राहून चार वाक्यं लिहायचा आणि ती आत जायची. त्यातही सगळ्यात जास्त हेवा वाटायचा तो त्यांच्या 'आमच्याकडे' या शब्दाचा. एकदा ते म्हणाले, "आमच्याकडे दोन्ही वेळा मक्याचंच पीठ शिजवतात." मी म्हटलं, "पण काका, आपल्याकडे ज्वारी ना?" तर म्हणाले, "आपल्याकडे नाही. आमच्याकडे." मी पाच खंडांतल्या गरिबांची बाजू घेत होते, आणि एकाही गावाला असं म्हणायची माझी हिंमत नव्हती.

त्या वर्षी त्या देशावर अट आली होती की मक्याच्या पिठावरची सरकारी सवलत तात्काळ बंद करा, नाहीतर पुढचं कर्ज विसरा. काका म्हणायचे, "वॉशिंग्टनला कागदावर 'तात्काळ' लिहितात, आणि आमच्याकडे आठवडाभरात बायका अर्धी पिशवी घेऊन परत जातात." त्यांना 'तात्काळ'च्या जागी 'तीन वर्षांत' हवं होतं. बंद दाराआड बोलणी चालली होती आणि ती जमत आली होती.

परिषदेच्या आधीच्या शनिवारी भाषणाचा मसुदा जेवणाच्या टेबलावर होता. मी वाचला. त्यात एक वाक्य होतं: आमच्या ताटात दोन्ही वेळा एकच पदार्थ असतो, त्याची किंमत एका दिवसात वाढवू नका, आम्हाला तीन वर्षं द्या. बस. एकही विशेषण नाही. मला आतून आग लागली. असं वाक्य मला चार वर्षांत सुचलं नव्हतं. मी ते पेपर नॅपकिनवर उतरवून घेतलं.

भाषण होईपर्यंत मसुदा घराबाहेर जाता कामा नये, हे त्या घरात सोनललाही ठाऊक होतं. मलाही होतं. तरी सोमवारी वॉशिंग्टनच्या फुटपाथवर ते वाक्य माझ्या पत्रकाच्या डोक्यावर होतं, देशाच्या नावासकट, ठळक टायपात. जनतेसाठी केलं, असं मी स्वतःला सांगितलं. खोटं. ते माझं व्हावं म्हणून केलं.

ते पत्रक आत पोचलं. आमचं पहिलंच पत्रक जे आत पोचलं. आतल्या साहेबांनी मंत्र्यांना विचारलं, इथे आमच्याशी बोलता आणि बाहेर रस्त्यावर आमच्याविरुद्ध पत्रकं वाटता? बोलणी तिथेच थांबली. कर्ज हवं असेल तर भाषणातून ते वाक्य काढा आणि 'तात्काळ'वर सही करा, एवढंच उरलं. मंत्र्यांनी सही केली.

हे मला काकांनीच सांगितलं. भाषणासाठी तेही वॉशिंग्टनला आले होते, आणि बुधवारी संध्याकाळी परतीच्या ट्रेनमध्ये आम्ही बरोबर होतो. खिडकीकडे बघत सांगितलं, त्यांच्या नेहमीच्या पाच मिनिटांत.

"वाक्य काढलं. वीस सेकंद उरले. मंत्री म्हणाले, त्यात आभार घालू का? मी म्हटलं, नको. गरिबाने आभार लांबवले की लोकांना वाटतं, आता हात पसरणार. त्या जागी नुसते उभे राहा."

"मग?"

"राहिले ना. वीस सेकंद. आधी वाटलं, याचं पान हरवलं. मग दुभाष्यांनी कानावरचे हेडफोन काढले. पेपर वाचणाऱ्या एका गोऱ्या गृहस्थाने मान वर केली. मग लाल दिवा लागला."

मी म्हटलं, "काका, ते पत्रक..."

"माहीत आहे. खाली तीन उद्गारचिन्हं होती. दुसरं कोण देतं एवढी?"

ते ओरडले असते तर मी भांडले असते. भांडायला मी कायम तयार असते. त्यांनी काकूंनी दिलेला डबा उघडला आणि निम्मी पोळी माझ्यापुढे केली. प्रिन्सटन जंक्शन येईपर्यंत ती माझ्या हातातच होती.

पीठ महिन्याभरात महागलं. मसुदा आपल्या घरातून गेला, असं काकांनी मंत्र्यांना स्वतःच लिहून कळवलं. कुणाकडून गेला, ते लिहिलं नाही. त्यानंतर त्यांना भाषण लिहायला कुणी सांगितलं नाही. टायमर आता अंड्यांसाठी असतो. परवा काकूंनी सहज विचारलं, "तुमच्याकडे यंदा मका कसा आहे हो?" काका म्हणाले, "त्यांच्याकडे बरा असावा," आणि उठून बागेत गेले. मी तिथेच बसले होते. ते घर मला अजून बोलावतं, याचाच कधीकधी राग येतो.

मी पत्रकं अजून काढते. विशेषणं गेली, उद्गारचिन्हं गेली. पण हेवा काही गेला नाही, कारण ते वाक्य चोरता आलं तरी ते वीस सेकंद मला चोरता आले नाहीत. गेल्या शरद ऋतूत त्याच फुटपाथवर माझ्या हातात कर्णा आला तेव्हा ठरवलं, आपणही वीस सेकंद गप्प उभं राहायचं. समोर शे-दीडशे माणसं होती. मी मनात मोजायला लागले.

सातव्या सेकंदाला मी घोषणा दिली.