धाकट्या जावेचा बैल

आमच्या घरात ठोकळ्यांवर माझा हक्क होता. ठोकळे म्हणजे मुलं खेळतात तेच, एकमेकांत खटकन बसणारे प्लास्टिकचे. त्यांच्याबरोबर आता छोट्या मोटारी, गिअर, दांड्या, बॅटरीचा डबा असं सगळं मिळतं, आणि त्यातून खरोखर चालणारी गाडी करता येते. मी लग्नाच्या आधीपासून अशा गाड्या करते. कळमेश्वरच्या एका कारखान्यात मी डिझाइनचं काम करते. दिवसभर दुसऱ्यांच्या मशीनचे भाग कॉम्प्युटरवर काढायचे, आणि संध्याकाळी घरी येऊन चहा झाला की हॉलमधल्या खिडकीपाशी माझ्या टेबलावर स्वतःचं काहीतरी जुळवायचं. उन्हाळ्यात कूलरचा वारा थेट टेबलावर येतो, म्हणून बारीक पिना मी लोणच्याच्या जुन्या बरणीत ठेवते.

सासरच्यांनी याला कधी नाव ठेवलं नाही. उलट माझे सासरे, त्यांना आम्ही बाबा म्हणतो, सरकारी कचेरीतून निवृत्त झाल्यापासून रोज संध्याकाळी खुर्ची ओढून माझ्याजवळ बसायचे. "आज काय चालून राहिलं?" असं विचारायचे. मी सांगायचे, हा पुढच्या चाकांना वळवणारा भाग, हे मागचं स्प्रिंग. ते "हं, हं" करत ऐकायचे. गाडी फरशीवर सोडली की चप्पल आडवी टाकून ती चढते का बघायचे. माझ्या नवऱ्याला क्रिकेट आणि झोप यापलीकडे फारसं काही लागत नाही, त्यामुळे बाबा हेच माझे प्रेक्षक होते. मला एकच प्रेक्षक पुरत होता.

मग धाकट्या दिराचं लग्न झालं आणि जाऊ घरात आली. ती नाशिकची. फिजिओथेरपिस्ट आहे, लोकांचे गुडघे-खांदे हलते करते. वरच्या मजल्यावर त्यांचा संसार. पहिल्याच आठवड्यात ती माझ्या टेबलाशी आली आणि म्हणाली, "ताई, मला पण शिकवाल का?"

मी खूश झाले. जुने राखाडी ठोकळे, एक मोटार, गिअरची एक पिशवी असं एका डब्यात घालून तिला दिलं. माझा अंदाज होता, ती एक पवनचक्की करेल, फोटो काढेल आणि डबा परत आणून देईल. अशा पवनचक्क्या मी बऱ्याच पाहिल्या होत्या.

तिनं केला हात. माणसाचा, कोपरापासून पुढचा. मोटार सुरू केली की बोटं एकेक करत मिटायची आणि अंगठा शेवटी वरून यायचा. ती तो हात घेऊन खाली आली आणि बाबांसमोर धरला. बाबांनी त्यात आपलं बोट दिलं. हातानं ते धरलं. बाबा इतके हसले की त्यांना ठसका लागला.

मी पण हसले. पण माझ्या कुठल्याही गाडीनं बाबांना ठसका लागेपर्यंत हसवलं नव्हतं.

त्यानंतर संध्याकाळी खुर्ची रिकामी राहू लागली. बाबांचे गुडघे दुखायचे, म्हणून ते वर जात नसत. धाकटीनं त्यांच्याकडून रोज व्यायाम करून घेतले आणि महिन्याभरात ते कठड्याला धरून जिना चढायला लागले. म्हणजे माझा प्रेक्षक नेला तो त्याचे गुडघे बरे करून नेला. यावर तक्रार तरी काय करणार? वरून त्यांचं बोलणं ऐकू यायचं, शब्द कळायचे नाहीत. मी हातातली दांडी चुकीच्या भोकात घालायचे आणि पुन्हा काढायचे.

मी ठरवलं, आता असं काही करायचं की वरची मजा आपोआप बंद पडेल. कळमन्याच्या बाजारात संत्री घेऊन येतात तसा ट्रक करायला घेतला. सहा चाकं, मागे वर उचलला जाणारा हौदा, आणि पोटात एक गिअरबॉक्स. त्या गिअरबॉक्सवर माझा सगळा उन्हाळा गेला. ट्रक सपाटीवर जोरात पळायचा, आणि चढ लागून चाकांवर जोर आला की कुणी हात न लावता आपोआप कमी वेगाच्या, जास्त ताकदीच्या गिअरवर जायचा. अशी गोष्ट ठोकळ्यांत जमवणं किती अवघड आहे हे सांगायला गेलं तर ऐकणारा जांभई देतो, हे मला माहीत आहे. पण ते जमलं तेव्हा मी एकटीच हॉलमध्ये उभी राहून टाळ्या वाजवल्या होत्या.

बाबांना मुद्दाम बोलावून दाखवलं. पाट तिरका लावला, ट्रक सोडला. तो चढाशी आला, क्षणभर अडखळला, आतून "टक्" असा आवाज आला, आणि तो हळूहळू वर चढून गेला.

"चढला," बाबा म्हणाले. "चांगला चढते."

"आत गिअर बदलला, बाबा. आपोआप."

"हो का?" त्यांनी वाकून पाहिलं. बाहेरून काहीच दिसत नव्हतं; मी तो छान केशरी पत्र्यानं झाकला होता. "बरं झालं," ते म्हणाले, आणि थोड्या वेळानं वर गेले.

पोळा जवळ आला तेव्हा धाकटीनं जेवताना विचारलं, "तान्हा पोळा म्हणजे काय असतं?" नाशिकला तो नसतो. बाबांना तेवढंच हवं होतं. त्यांनी सांगितलं की मोठा पोळा खऱ्या बैलांचा, दुसऱ्या दिवशीचा तान्हा पोळा पोरांचा. लाकडी बैलाला झूल घालून, शिंगं रंगवून पोरं मैदानावर नेतात, रांगेत उभी करतात, तोरण तुटलं की घरोघर जातात आणि लोक त्यांच्या हातावर बोजारा ठेवतात, खाऊ नाहीतर सुटे पैसे. ती ऐकत होती आणि ताटातल्या भाताला हात लावत नव्हती.

"लाकडी बैलाला चाकं असतात?" तिनं विचारलं.

"चाकंच असतात," बाबा म्हणाले. "बैल का चालते?"

मी या गावात जन्मले. लहानपणी माझाही लाकडी बैल होता. आमच्या मुलीचा बैल गेली काही वर्षं माझ्याच मोटारीच्या ट्रॅक्टरमागे दोरी बांधून जायचा, आणि कॉलनीत लोक थांबून बघायचे. इतकी वर्षं मोटार, गिअर, बैल हे सगळं माझ्या हातात होतं. तरी ठोकळ्यांचा बैल पायांनी चालवावा हे मला कधी सुचलं नव्हतं. तिला ते एका जेवणात सुचलं.

पुढचे दिवस आमची मुलगी शाळेतून आली की दप्तर टाकून वर पळायची. ती तेव्हा तिसरीत होती. काकूच्या बैलाला आज गुडघे लावले, आज शेपटी लावली, अशा बातम्या मला जेवताना मिळायच्या. एके दिवशी तिनं वरण कालवताना सांगून टाकलं, "आई, यंदा मी काकूचा बैल नेणार आहे."

"आणि माझा ट्रक? त्याच्या मागे बैल बांधायचा होता ना?"

तिनं विचार केला. ती खोटं बोलत नाही, हा तिचा गुण आहे. "तुझा ट्रक छान आहे," ती म्हणाली. "पण तो ट्रकच आहे."

मी तिला आणखी भात वाढला. तिला नको होता.

मोठ्या पोळ्याच्या दिवशी दुपारी धाकटी बैल कवटाळून खाली आली. चेहरा उतरला होता. बैल चालायचा, पण चार पावलांत पोटातून कटकट आवाज यायचा आणि पाय जागच्या जागी थरथरायचे. उद्या मुलीला काय सांगायचं, असं ती म्हणाली आणि बैल माझ्या टेबलावर ठेवला.

आवाजावरूनच मला कळलं होतं. मोटारीचा जोर ज्या दांडीवर येत होता ती एकाच बाजूनं धरलेली होती. भार आला की दांडी किंचित वाकायची, गिअरचे दाते एकमेकांपासून सुटायचे आणि घसरायचे. ही चूक प्रत्येक नवा माणूस करतो. मी बैलाचं पोट उघडलं.

आणि मग मी थोडा वेळ नुसती बघत बसले. पाय तिनं कसे केले होते ते मला पहिल्यांदा जवळून दिसलं. समोरचा डावा आणि मागचा उजवा एकदम उचलायचा, मग दुसरी जोडी. तेवढं कुणीही करेल. पण पाऊल टेकल्यावर गुडघा एकदम ताठ होत नव्हता, आधी थोडा दबायचा आणि मग भार घ्यायचा. त्यामुळे बैल खरा वाटत होता, वजन असलेला, थोडा थकलेला. मला चाकं कळतात. पाय असे मला कधी जमले नसते, कारण पायाकडे मी असं कधी पाहिलंच नव्हतं.

"हे गुडघ्याचं कसं केलंस?" मी विचारलं.

"बाबांच्या गुडघ्यांवरून," ती म्हणाली. "बरे व्हायच्या आधीच्या."

मी दांडीला दुसऱ्या बाजूनं आधार दिला, मोटारीपाशी एक गिअर वाढवून वेग कमी केला आणि पोट बंद केलं. बैल हॉलभर चालला. सोफ्यापासून देव्हाऱ्यापर्यंत, एकदाही न अडखळता. धाकटीनं मला मिठी मारली. मी तिची पाठ थोपटली आणि मनात आलं की हा आता माझ्यामुळे चालतोय आणि उद्या टाळ्या तिला मिळणार आहेत. असं वाटणं बरं नव्हे, हेही तिची पाठ थोपटतानाच कळत होतं. कळून काही उपयोग झाला नाही.

तान्ह्या पोळ्याला कॉलनीच्या मारुतीच्या देवळापुढे मुलांची रांग लागली. लाकडी बैल, मातीचे बैल, एक थर्माकोलचा. आमच्या मुलीनं बैलाला लाल झूल घातली होती, शिंगांना बेगड लावली होती. झडत्या, म्हणजे पोळ्याची गाणी, म्हणून झाली, तोरण तुटलं, आणि तिनं खटका दाबून नुसती दोरी हातात धरली. बैल तिच्यामागे चालायला लागला.

आधी जवळची मुलं गप्प झाली. मग मोठी माणसं पुढे आली आणि सगळ्यांनी मोबाइल वर धरले. एका आजीबाईंनी तर खऱ्या बैलाला करतात तशी त्याच्या पायांवर पाण्याची धार धरायला तांब्या उचलला. मोटार भिजेल म्हणून धाकटीनं घाईनं त्यांचा हात धरला, आणि त्यांनी मग लांबूनच कुंकू टाकलं.

"कोणं बनवला?" लोक विचारत होते.

"आमच्या लहान सुनेनं," बाबा सांगत होते. ते कठड्याशिवाय उभे होते.

"आतले गिअर ताईंनी बसवले," धाकटी प्रत्येकाला सांगत होती. अगदी मनापासून. लोक माझ्याकडे बघून मान हलवायचे आणि पुन्हा बैलाकडे वळायचे. ती हे सांगत नसती तर मला सोपं गेलं असतं. मग निदान मनातल्या मनात तिला वाईट म्हणता आलं असतं.

पहिलं बक्षीस, एक स्टीलचा डबा, आमच्या मुलीला मिळालं. तिनं तो पळत नेऊन काकूला दिला.

त्यानंतर काही दिवस मी टेबलाला हात लावला नाही. एका संध्याकाळी बाबा येऊन खुर्चीत बसले.

"काहून वं, काम बंद आहे?"

"कंटाळा आला."

"तुले राग आला आहे," ते म्हणाले. "माह्यावर का तिच्यावर?"

मी म्हटलं, "तुम्ही आता वरच बसता."

ते थोडे ओशाळले. मग म्हणाले, "तिचं मले समजते. हात आहे तं हात, बैल आहे तं बैल. तू सांगते तवा मी हं हं करतो, पण तुझ्या गाडीतलं मले काही दिसतच नाही. विचारलं तं तुले वाटंल, याले इतके दिवस काहीच समजलं नाही."

हे मला लागलं. इतकी वर्षं ते माझ्याजवळ बसले ते गाडीसाठी नाही, माझ्यासाठी बसले होते. हे ऐकून बरं वाटायला हवं होतं. मला वाटलं, म्हणजे वर मात्र ते बैलासाठीच गेले.

तरी मी ट्रकचा केशरी पत्रा काढला. त्यांना म्हटलं, चाक अंगठ्यानं दाबून धरा. त्यांनी धरलं. आतला गिअर सरकला, टक् झालं, आणि चाकानं त्यांचा अंगठा बाजूला ढकलला. त्यांनी अंगठ्याकडे पाहिलं. "आता याच्यात जोर आला," ते म्हणाले. "अजून एक बार कर." मी ते पुन्हा पुन्हा केलं. त्या दिवशी ते वर गेले नाहीत.

आता ते दोन्हीकडे बसतात. माझा हेवा गेला का म्हणाल, तर नाही. वरून हसण्याचा आवाज आला की माझा हात अजून थांबतो.

गेल्या आठवड्यात वाळवणाची चादर आणायला मी वर गेले. धाकटी आत चहा टाकत होती. तिच्या फळीवर, बैलाच्या मागे, अर्धवट जुळवलेल्या गोष्टी होत्या. मी एक उचलली. तो माझा गिअरबॉक्स होता, म्हणजे त्याची नक्कल. शेजारी आणखी एक, आणि त्याच्या मागे तिसरा, आणखी धूळ बसलेला. एकही चालत नव्हता. तिसऱ्यावरची धूळ पाहता, तिनं हे बैलाच्याही आधी सुरू केलं असावं.

ती कप घेऊन बाहेर आली आणि माझ्या हातात तो पाहून थांबली.

"जमत नाही," ती म्हणाली. "तुमचा किती गुपचूप बदलतो. मी खाली येऊन बघते कधीकधी, तुम्ही ऑफिसला असता तेव्हा. रागच येतो मला."

"कुणाचा?"

"तुमचाच, ताई."

मी खुर्चीत बसले. आतून इतकं गार, गोड वाटत होतं की मला चहाची गरज नव्हती. चूक कुठे आहे ते मला दिसत होतं. मधला एक गिअर उलट्या बाजूला बसवला होता.

"अगं, हा इथं..." मी बोट दाखवलं.

"सांगू नका," ती म्हणाली आणि तो माझ्या हातातून काढून घेतला. "मला माझं सापडू द्या."

मी चहा प्यायले आणि चादर घेऊन खाली आले. जिना उतरताना मी खूश होते. अर्ध्या जिन्यात मनात आलं की हिला सापडेलच, आणि सापडल्यावर ही त्याला पाय लावेल.