दोन्हीकडची केवळाबाई

केवळाबाई माझी थोरली जाऊ. गल्लीत कुणाच्या घरातनं आरडाओरडा आला की हिची भाकर तव्यावरच करपायची. विंचू चावू दे, लेकरू पडू दे, सासू-सुनेची जुंपू दे, ही आपली पुढं. मी म्हणायची, "अक्का, तुम्हालाच काय पडलंय? बाकीचे मेलेत का?" तर हसायची आन् पदर खोचून निघायची. लई राग यायचा मला तिचा.

तिचं माहेर हिमायतनगरकडचं, सासर म्हंजे भोकरजवळचं आमचं गाव. आमच्या भावकीतल्या हणमंतरावाच्या दिपालीचं कुठंच जमत नव्हतं. हिनंच माहेरचं पोरगं दाखवलं, खेटे घालून सोयरीक जुळवली. मे महिन्यात भोकरला मंगल कार्यालयात लग्न होतं. माझा पाय मुरगळलेला, म्हणून मी घरीच राहिले. तिथं असते तर एकेकीच्या झिंज्या उपटल्या असत्या, आईच्यान.

भर दुपारचं ऊन. नवरदेव बँडपुढनं हलायला तयार न्हाई. शेवटी अंतरपाट धरला, अक्षता वाटल्या, तशी अक्का मागच्या खांबाशी खाली बसली आन् मग आडवी झाली. तोंड एकीकडं वाकडं झालतं म्हणे. हे मला बघणारेच सांगतेत! म्हंजे बघितलं हाय सगळ्यांनी, चांगलं डोळे फाडून.

नवरीकडचे म्हणाले, "ती नवरदेवाच्या गावची लेक. त्यांची मानाची बाई, त्यांचे लोक बघतील. आपण मधी पडलो तर रुसून बसायचे." नवरदेवाकडचे म्हणाले, "ती तर यांच्या गावची सून. घरच्या बाईला हे असं सोडतील व्हय? आपण पडलो पाव्हणे." हणमंतरावाच्या कानात कुणीतरी सांगितलं बी. तर तो म्हणाला, "मंगलाष्टका होऊ द्या, मधी गडबड नको." ज्या बाईनं तुझ्या पोरीचं लग्न जुळवलं, ती पायाशी मरायला टेकली आन् तुला मंगलाष्टका! एकजण बोलला, फिट आली, कांदा हुंगवा. मागं आचाऱ्यापाशी पोतंभर कांदा होता. पण ह्यानं त्याच्याकडं बघितलं, त्यानं तिच्याकडं. कांद्यानं काही होणार नव्हतं, ती गोष्ट अलाहिदा. पण मांडवभर माणसांतलं एक उठलं न्हाई. भटजी सावधान, सावधान करून राहिला आन् लोक अक्षता टाकून राहिले.

तिचा पोरगा सत्यम पाण्याचे जार आणायला गेला होता. तो आला तवा पहिली पंगत बसलेली. आई खांबाशी, भोवती घोळका. पोरानं घोळका फोडला, एकट्यानं तिला उचललं. तवा मात्र चौघं बोलले, "हळू रे, हळू." नांदेडच्या दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, लकवा हाय, लवकर आणायला पाहिजे होतं. मी लंगडत तिथं गेले. तिचे केस विंचरायला बसले तर फणीत पिवळी ज्वारी यायला लागली, लग्नातल्या अक्षता. मी तिथंच रडले.

आता उजवं अंग गेलंय, वाचा गेलीय. भेटायला मात्र रीघ. जो तो खुर्चीत टेकून तेच म्हणतोय, "आम्हाला वाटलं, नेलंच असंल कुणीतरी." हणमंतराव साडी घेऊन आला. मी म्हणाले, "ठेवा. पण तिला आता नेसवायला दोघी लागतेत. तुमच्या मंडळीला धाडता का रोज?" चहा न पिताच उठला. उठंना का!

परवा सकाळी समोरच्या गुरम्माची आरोळी आली. तिची नात हौदात पडली होती. मी हातातलं टाकून पळाले, गुरम्मानं अन् मी मिळून पोरीला बाहेर काढलं. पाणी ओकली, रडली, जिवंत हाय. घरी येऊन बघते तर अक्का खाटेवर न्हाई. खाली पडली होती आन् डाव्या कोपरावर सरकत सरकत उंबऱ्यापातूर आली होती. कोपर सोलून रक्त निघालेलं. तोंडातनं नुसतं ऊं ऊं, अन् डावा हात गुरम्माच्या घराकडं.

मला एकटीला ती उचलंना. मी दारातनं ओरडले, "अरे, या की कुणीतरी!" सगळी गल्ली आपापल्या दारात उभी होती. सगळ्यांनी एकमेकांकडं बघितलं. मग मी एकेकाचं नाव घेतलं, बापाचा उद्धार केला, तवा कुठं पाय हलले त्यांचे.

अक्काला असं नाव घेऊन बोलवायची पाळी कधी कुणावर आली न्हाई.