डाव्या पुडीची कणीक

सोनपेठला आमच्या घरी पखवाज वाजवायचा मान पुरुषांचा आणि त्याला कणीक लावायचं काम बायकांचं. डाव्या पुडीवर, म्हणजे डाव्या तोंडाच्या कातड्यावर, ओल्या कणकेचा गोळा थापल्याशिवाय पखवाज घुमत नाही. सोमवारी महादेवापुढं भजन रंगायचं, कणीक वाळत जायची आणि आवाज हळूहळू चढायचा. तो का चढतो, असं मी विचारलं की वडील म्हणायचे, "तुला काय करायचंय? तू कणीक लाव." मी कणीक लावत राहिले, पण प्रश्न काही सोडला नाही.

आज मी परभणीत कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवते. आमच्या विभागात एक सर दुर्बिणीचे आरसे घासतात, दुसऱ्यांना जुने रेडिओ खोलायचा नाद. ते छंद आहेत आणि ते दोघंही तसंच म्हणतात. माझ्या पखवाजालाही सगळे त्याच पंगतीत बसवतात, तेव्हा मात्र माझं डोकं फिरतं. पुडीच्या कंपनांच्या नोंदी, वाळणाऱ्या कणकेचं वजन, दोन्हींचं गणित, एवढं सगळं करून ते संशोधन नाही, तर मग काय आहे? एकदा प्रयोगशाळेत गव्हाचं पीठ संपलं म्हणून मी ज्वारीचं मळून लावलं. पहिल्याच थापेला गोळा उडाला तो ऑसिलोस्कोपच्या काचेवर. पोरं पोट धरून हसली, मीही हसले, आणि चिकटपणावरचा माझा पुढचा शोधनिबंध तिथूनच सुरू झाला.

मग बढतीची मुलाखत आली. ती आधीच बरीच रखडलेली होती. विभागप्रमुखांनी मला बाजूला घेतलं. "मॅडम, पखवाज छंदाच्या रकान्यात टाका. नॅनोकणांचं काम पुढं करा. बढती पदरात पडली की खुशाल वाजवत बसा." माणूस वाईट नाही. माझं भलंच बघत होता. पण नॅनोकणांचं काम मी चारचौघांसारखं केलं होतं आणि पखवाजाचं जीव ओतून. मी अर्जात पखवाजच वर ठेवला.

मुलाखतीत बाहेरून आलेल्या तज्ज्ञांनी चष्म्यावरून पाहिलं. "पीठ मळणं हे संशोधन?"

"पीठ वाळणं, सर."

"बरं. त्या गोळ्याचं नेमकं वजन किती?"

"तुम्ही विचारायला सुरुवात केलीत तेव्हाचं सांगू, की आत्ताचं?"

कुणी हसलं नाही. मी म्हणाले, "पाणी उडत असतं, सर. वजन बदलतं, म्हणून आवाज बदलतो. तेच तर मी मोजते."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "हे तुम्ही छंद म्हणून दाखवायला तयार असाल, तर बाकीच्या कामावर आम्ही विचार करू."

"न्हाई दाखवणार," मी म्हणाले. तोंडातून सोनपेठ बाहेर पडलं. ते सुधारून प्रमाण मराठीत पुन्हा म्हणायची गरज मला वाटली नाही.

बढती मिळाली नाही. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. माझ्यानंतर लागलेले माझ्यापुढं गेले, आणि स्टाफरूममध्ये माझ्याशी बोलताना लोकांच्या आवाजात एक कीव येऊन बसली. तिचा मला जास्त राग आला. गावी गेले तर वडील म्हणाले, "एका शब्दापायी अडून बसलीस व्हय?"

"व्हय, अण्णा."

"लय हट्टी हायस."

"घरचंच हाय ते," मी म्हणाले आणि ते मिशीत हसले.

या वर्षी पुन्हा अर्ज भरलाय. संशोधनात पखवाजच पहिला. विभागप्रमुखांनी सही करताना कपाळाला हात लावला आणि म्हणाले, "निदान छंदाचा रकाना तरी रिकामा ठेवू नका."

मी पेन मागून घेतलं आणि तिथं लिहिलं: बढतीसाठी अर्ज करणे.