धोंडसाचा डबा

बाबा गेल्यावर आईला आम्ही गिरगावातून मीरा रोडला आणलं, त्याला आठ महिने झाले होते. डॉक्टरकडे जाणं सोडलं तर ती एकदाही बिल्डिंगखाली उतरली नव्हती. "इथं माझं कोण आहे?" एवढंच म्हणायची आणि खिडकीशी बसायची. मी मुळात उतावळी. तिचं ते बसणं बघून माझा जीव नुसता वरखाली व्हायचा.

नवरात्रात आमच्या सोसायटीत भोंडला असतो. रोज एकीची खिरापत. डबा झाकलेला, आत काय आहे ते बाकीच्यांनी ओळखायचं. आठला पार्किंगमध्ये गरबा सुरू होतो, म्हणून आमचं सहालाच. माझी पाळी आली तेव्हा ठरवलं, आई करायची तसं काकडीचं धोंडस करायचं. निदान त्यासाठी तरी ती खाली येईल.

काशीगावची भाजीवाली मोठ्या पिकलेल्या काकड्या घेऊन बसते. "आजचीच हाय, कडू न्हाय," म्हणत तिने तुकडाही चाखवला. काकडी किसून, गूळ आणि तांदळाचा रवा घालून भाजेपर्यंत मी आईला दहा हाका मारल्या. ती एकदा आली, मीठ बघितलं आणि परत जाऊन बसली.

"सहाला खाली यायचंय हं."

"मी कशाला? माझं काय काम आता तिथं?"

मला इतका राग आला की डबा उचलला आणि निघाले. पाटावरच्या हत्तीभोवती फेर धरला खरा, पण लक्ष सगळं लिफ्टकडे. गाणी कुणालाच धड येत नव्हती, मोबाइलमध्ये बघून म्हणत होतो. दोनदा माझा पाय चुकला.

मग ओळखायची वेळ आली. "शिरा!" "सांदण!" समोरच्या गुजराती भाभी म्हणाल्या, "हांडवो है क्या?" मी नाही नाही म्हणत राहिले. शेवटी कंटाळून एकीने सरळ झाकणालाच हात घातला.

"अहो, थांबा! आधी गोड की तिखट ते विचारायचं असतं!"

आई. घरातल्याच गाऊनवर ओढणी घेऊन लिफ्टपाशी उभी.

तिला उत्तर माहीत होतं, त्यामुळे तिने ओळखून चालणार नव्हतं. पण गप्पही बसवेना. "गोड. किसायचं, पण खोबरं नाही." भाभींना तर चक्क हिंदीत म्हणाली, "बेल पे लगता है, सोचो!"

"ककडी? मीठे में?" भाभी ओरडल्या आणि आईने टाळ्या पिटल्या.

डबा बघता बघता रिकामा झाला. गूळ कमी पडलाय, हे आईने सगळ्यांदेखत मला सुनावलं. कुणीतरी विचारलं, उद्या कोणाची पाळी?

"माझी," आई म्हणाली. मला विचारलंसुद्धा नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिने माझ्याच स्वयंपाकघराचं दार माझ्या तोंडावर लावून घेतलं. "तू पण ओळखणार आहेस ना? मग बाहेर." मी हॉलमध्ये येरझाऱ्या घातल्या, ढसाढसा रडले आणि रडता रडता दाराच्या फटीला नाक लावून वास घेत राहिले.